उंदराचे आठवडे, टिटवीची वर्षं

१७ जानेवारी

नवी वही. सुरुवात स्वच्छ असावी म्हणून आधी हे लिहून ठेवतो. माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या, एकही खिळा न ठोकता. कारखान्यातला छोटा लेथ, भंगारातल्या तीन यंत्रांचे भाग जोडून; आजही केसाएवढा फरक करत नाही. ताईच्या घरचा वळणाचा जिना. शहरातल्या संशोधन केंद्रासाठी उंदरांचे सोळा पिंजरे, सोळा चाकं आणि एक फिरती दांडी. टिटवीचा पाळणा. टिटवीची सायकल, जिची पेडलं तिच्या पायाच्या मापाने दोनदा कापली. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. पुस्तकं आणली, वस्तू उघडल्या, परत जोडल्या, उरलेला स्क्रू कुठला ते शोधत बसलो. असं पंचवीस वर्षं.

टिटवी म्हणजे माझी मुलगी. सात वर्षांची. नाव वेगळं आहे, पण झोपेतसुद्धा टिवटिव करायची, म्हणून टिटवी.

तिचे डोळे दीड वर्षापासून जात आहेत. आज मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासणीचा निकाल सांगितला आणि बिघडलेल्या जनुकाचं नाव कागदावर लिहून दिलं. तीन इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा. ते नाव मी ओळखलं. दोन वर्षांपूर्वी मीच ते पितळेच्या सोळा पट्ट्यांवर कोरलं होतं, उंदरांच्या पिंजऱ्यांना लावायला. तेव्हा केंद्रातल्या मॅडमनी सगळ्या पट्ट्या परत पाठवल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही सगळी अक्षरं मोठी कोरलीत. ते माणसाचं झालं. उंदराचं असलं की पहिलं मोठं, पुढची लहान." सोळाच्या सोळा नव्याने केल्या आणि आठवडाभर त्यांच्या नावाने बोटं मोडली. पितळ वाया जाऊ नये म्हणून नाकारलेल्या पट्ट्या खणात टाकल्या होत्या.

आज घरी आल्यावर खण उघडला. कोरीव काम चांगलं आहे. एक अक्षर वाकडं नाही.

१९ जानेवारी

डॉक्टर बोलले ते परवा लिहिता आलं नाही. आधी दृष्टी. ती गेल्यातच जमा आहे, खिडकीचा उजेड तेवढा कळतो. मग तोल, मग बोलणं, मग गिळणं. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. "केव्हा?" एवढं विचारलं. म्हणाले, "प्रत्येक मूल वेगळं असतं." ज्याला मोजता येत नाही तो असंच बोलतो.

बिघाड आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाचा असेल तर निभावून जातं. बोल्टचे आटे झिजले असले तरी चांगला नट धरून ठेवतो, तसं. आमच्यात दोन्ही झिजलेले एकत्र आले. आम्हा दोघांना आयुष्यभर पत्ता नाही.

ताई येऊन गेली. "आपल्या घराण्यात असलं कधी नव्हतं रे," म्हणाली. ही, टिटवीची आई, तिथेच चहा गाळत होती. हात थांबला नाही, वर बघितलं नाही. मीही काही बोललो नाही.

२ फेब्रुवारी

केंद्रातून निरोप होता, फिरती दांडी अडखळते म्हणून. अंगठ्याएवढी जाड आडवी दांडी, हळूहळू वेग घेत फिरते. तिच्यावर उंदीर ठेवायचा आणि किती वेळ तोल सांभाळतो ते बघायचं. पडला तर खाली गादी. पट्टा सैल झाला होता, पाच मिनिटांचं काम. मी तासभर रेंगाळलो.

उंदरांची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणतात, मॅडमसुद्धा. मामा उंदरांना 'पोरं' म्हणतो. "तुमची गादी फार मऊ झाली हो," म्हणाला. "लाडावलीत पोरं. ही एक बाई बघा, तोल जायच्या आधीच खाली उडी मारते आणि मिशा पुसत बसते. मॅडमनी लिहायचं काय? आजारी की आळशी?"

आजारी कोणते, विचारलं. त्याने डावीकडची रांग दाखवली. माझ्या पट्ट्या चकचकीत होत्या. आतले उंदीर मला ठणठणीत दिसले.

मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं, माणसाच्या आजाराला उंदीर कशाला. म्हणाल्या, "माणसाच्या या जनुकाचं जुळं उंदराकडे आहे. काम तेच, पेशीतला कचरा बाहेर काढणं. ते बिघडलं की कचरा साठतो आणि मेंदूतल्या पेशी मरत जातात. म्हणून आम्ही उंदरातलं बिघडवतो आणि बघतो." मग म्हणाल्या, "पण उंदराच्या घरात कचरा उचलायला आणखी कोणीतरी असावं. त्याचं सगळं फार सावकाश होतं."

सावकाश असेल तर मोजायला सोपं.

टिटवीबद्दल सांगितलं नाही. घरातलं कामाच्या ठिकाणी नेत नाही मी.

२१ फेब्रुवारी

सरकपट्टी तयार झाली. एक बोटभर जाडीची फळी, तिच्या खाचेत सरकणारी दुसरी. सरकणाऱ्या पट्टीवर उंदराचे आठवडे, खालच्या फळीवर टिटवीची वर्षं. खुणा पेन्सिलीच्या नाहीत, चाकूच्या टोकाने कोरल्या. मॅडमच्या उंदरांत पहिला बिघाड सव्विसाव्या आठवड्यात दिसतो. टिटवीने भर उजेडात पहिल्यांदा दारावर डोकं आपटलं ते साडेपाचव्या वर्षी. ते दोन बिंदू एकाखाली एक आणले. उंदरांचे पाय लटपटतात ते बावन्नाव्या आठवड्यात, मामाने सांगितलं. त्याखाली टिटवीचं अकरावं वर्ष आलं.

म्हणजे चार वर्षं हाताशी आहेत. डॉक्टरांना सांगता आलं नाही ते मी लाकडावर काढून दाखवलं.

हिला दाखवली. हिने पट्टी हातात घेतली. मग म्हणाली, "काम फार सुबक झालंय," आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली. दूध अजून गॅसवर ठेवलेलंच नव्हतं.

९ मार्च

कामाला सुरुवात. घरभर, भिंतींना लागून, टिटवीच्या उंचीवर लाकडी कठडा. धरून धरून तिला कुठेही एकटीला जाता आलं पाहिजे. स्वयंपाकघर, बाथरूम, तिची खोली, कारखान्याचं दार, समोरची खिडकी. कोपऱ्यातही हात सुटता कामा नये, म्हणून कोपरे गोल, एकसंध.

अक्रोडाचं लाकूड आणलं. वखारवाला म्हणतो वाळलेलं आहे. ठोकून पाहिलं, आवाज बद्द. माळ्यावर हवा खेळेल अशा फळ्या रचल्या. जुलैपर्यंत हात लावणार नाही. ओलं रंधलं तर पिळवटतं, सांधे उघडतात, आणि मग पोरीच्या बोटात कूस जाणार.

ही म्हणाली, "जुलै?"

"घाई कशाला? वेळ आहे."

२८ मार्च

मापं घेतली. भिंतीला पाठ लावून उभी केली.

"हलू नकोस."

"मी कुठे हलतेय बाबा? भिंतच हलतेय."

खरंच डोलत होती. खेळ सुचतो तिला कशातही.

मुठीचं माप मेणात घेतलं. मऊ मेणाची कांडी हातात दिली, आवळायला लावली, चारही बोटांचे ठसे आले. कठड्याची गोलाई त्या ठशावरून काढणार. कठड्याच्या खालच्या अंगाला, बोटं जिथून सरकतात तिथे, प्रत्येक जागेची खूण असेल. खुणा तिनेच ठरवाव्या म्हटलं.

"स्वयंपाकघराला?"

"तीन वाटाणे."

"बाथरूमला?"

"लाट. आणि तुमच्या कारखान्याला खिळा. पण टोचणारा नको, शहाणा खिळा."

"खिडकीला?"

"टिटवी! बाबा, चोच पाहिजे हं. चोच नसली तर बटाटा वाटेल."

१६ एप्रिल

मामाने विचारलं, "आमचं काही बिघडलेलं नाही, तरी दर आठवड्याला येता. काय आहे?" सांगून टाकलं. त्याने पिंजरा उघडला आणि ती उडी मारणारी बाई माझ्या तळहातावर ठेवली. "धरा थोडी," म्हणाला. गरम होती. वजन नसल्यासारखंच.

मग विचारलं, आंधळ्या उंदरांच्या पिंजऱ्यावर दिवे कशाला लावता. मामा म्हणाला, "आंधळी? कोण म्हणालं? दिवा लागला की कोपऱ्यात पळतात बघा सगळी." मॅडमना विचारलं. हो म्हणाल्या. जनुक बिघडलं तरी या उंदरांची दृष्टी बरीच शाबूत राहते. का, ते अजून नीट कळलेलं नाही.

एवढा एक फरक नोंदवून ठेवतो. बाकी पट्टी बरोबर आहे.

११ मे

घरी आलो तर दाराच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी! तिथून आत स्वयंपाकघरात, तिथून बाथरूमकडे. हिचा उद्योग. स्वयंपाकघराला एक गाठ, बाथरूमला दोन, खिडकीपाशी फडक्याची चिंधी. दोरी सगळीकडे तिरकी, मधे झोळ. आणि टिटवी एका हाताने ती धरून घरभर धावतेय. "मी बस आहे! बाबा, बाजूला व्हा, ब्रेक नाहीत!" मला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं.

हिला सांगितलं, हे काही बरोबर नाही, दोरीला आधार नसतो.

"तुमचं होईपर्यंत," म्हणाली.

१९ मे

दोरी काढली. बसने वळण जोरात घेतलं, कडी निखळली, टिटवी गुडघ्यावर आपटली. खरचटण्यावर निभावलं. ही म्हणाली, "कडीच ना? मी परत बसवते." या घरात कडी मी बसवतो, असं म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो. हिने दोरीचं वेटोळं करून कुठेतरी ठेवून दिलं.

जेवताना टिटवीने विचारलं, "बस कधी सुटणार?"

"लाकूड वाळलं की."

"बस कधी सुटणार?"

"सांगितलं ना, लाकूड वाळलं की."

तरी पुन्हा तेच, त्याच आवाजात, जेवण संपेपर्यंत. लाडात आली की असं करते.

१४ जून

पाणी पिताना टिटवीला ठसका लागतो. पेल्याची कड जाड आहे. नवा केला, कड पातळ, बूड जड, दोन्ही बाजूंना कान. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला दोनदा अडखळली, उंबरा रंधून जमिनीला सपाट केला. खुर्चीत डावीकडे कलते. खुर्चीचे पाय तपासले, चारही सारखे निघाले. तरी डाव्या बाजूला पाचर घातली.

पट्टी पाहिली. या वयाला दांडीवर सगळं ठीक असायला हवं. खात्री करायला मामाला फोन केला. सगळं ठीक आहे म्हणाला.

२६ जुलै

लाकूड वाळलं. ठोकलं की आता खणखणीत बोलतं. पहिली फळी रंधली तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड साल निघाली, कागदासारखी. ती गुंडाळून टिटवीच्या हातात दिली. हुंगून म्हणाली, "फू." मग "फूल" म्हणायचा प्रयत्न केला. पुढचे दोन दात पडलेत, शब्द निसटतात.

तिच्या खोलीपासून खिडकीपर्यंतचा पट्टा सगळ्यात लांब. टिटवीची चोच तीन वेळा काढली. पहिली कावळ्याची झाली, दुसरी बदकाची.

१७ ऑगस्ट

सगळे भाग तयार. तेलाचा पहिला हात दिला.

ही कारखान्यात आली. ही कधी येत नाही, भुशाने शिंका येतात. तुकड्यावर हात फिरवला.

"झाला ना?"

"लाकूड झालं. अजून तेलाचे चार हात. प्रत्येक हात आठ-दहा दिवस मुरायला हवा."

"असाच बसवा."

"कच्चा?"

"कच्चा बसवा. अहो, ती माझं बोट सोडत नाही आता. घरातल्या घरात सोडत नाही. कळतंय का तुम्हाला?"

समजावलं, की तेल न मुरलेलं लाकूड हाताचा घाम पितं, काळं पडतं.

"पडू दे काळं."

आजवर अर्धवट काम कोणाला दिलेलं नाही. परक्यांना देत नाही ते घरच्यांना का देऊ?

१२ सप्टेंबर

तिसरा हात मुरत होता. हिचा फोन आला. टिटवीला झटका आला.

१८ सप्टेंबर

दवाखान्यात झटके लागोपाठ आले, आता औषधाने थांबलेत. आज तिला पलंगाच्या कडेला बसवलं. बसली नाही. दोन्ही बाजूंनी धरून उभी केली, पाय जमिनीला लागले पण ते तिचे नव्हतेच जणू. आईला ओळखते. मला 'बा' म्हणते, पुढचा 'बा' येत नाही.

डॉक्टर म्हणाले, "हे एका दिवसात झालेलं नाही. तोल, गिळणं, बोलणं, तीन-चार महिने तरी चाललं असेल. घरी काही लक्षात आलं नव्हतं?"

ही म्हणाली, "आलं होतं."

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. सुटलेली नव्हती.

२३ सप्टेंबर

केंद्रात गेलो, सरकपट्टी घेऊन. मॅडमच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "तुमचे उंदीर चुकले."

त्यांनी पट्टी सरकवून पाहिली. वरच्या खुणा लगेच ओळखल्या. खालच्या बाजूची वर्षं वाचली आणि मग माझ्याकडे बघितलं. "कोणाची आहेत ही?"

"मुलीची."

बसल्या खुर्चीत. मामाने दार लोटून घेतलं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणाला होता, तेच जनुक, तेच काम."

"म्हणाले होते. आणि त्याच्या घरात कचरा उचलायला आणखी कोणी असावं, असंही म्हणाले होते. अहो, त्याला दिसतंसुद्धा. तुमच्या मुलीला दिसतं का?" आवाज चढला तसा त्यांनीच खाली आणला. "हे का होतं, एवढं आम्ही उंदराला विचारू शकतो. केव्हा होईल ते त्याला माहीत नाही. मलाही नाही. विचारलं असतंत तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

मी विचारलं नव्हतं हे खरं आहे. मामाला आठवडे विचारले, पुस्तकाला वयं विचारली. हे चालेल का, असं कोणालाच विचारलं नाही.

त्या खाचेवरून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "काम फार सुबक आहे." हिनेही फेब्रुवारीत हेच म्हटलं होतं, याच आवाजात.

मामा दारापर्यंत पोचवायला आला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "ती बाई अजून उडी मारते हो." मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

५ ऑक्टोबर

टिटवीला काल घरी आणलं. आज कठडा बसवला, सकाळपासून एकट्याने. ब्रॅकेटच्या मागे भिंतीला पट्ट्या लागत होत्या. खणातल्या पितळी पट्ट्या मापाला बरोबर बसल्या. अक्षरं भिंतीकडे केली.

कुठे सांधा कळत नाही. डोळे मिटून सबंध घर फिरलो, हात कुठेही अडला नाही.

टिटवीला आणलं. हिने काखेत धरून उभी केली, मी तिचा हात कठड्यावर ठेवला. मूठ अगदी चपखल बसली. मार्चमध्ये घेतलेलं माप. मग हिने भार थोडा सोडला आणि पाय दुमडले. पुन्हा उभी केली. पुन्हा दुमडले. तिसऱ्यांदा उचलायला गेलो तेव्हा हिने माझं मनगट धरलं.

"पुरे."

या घरात ती एकटी हिंडली ती आठ दिवस. दोरीवर.

६ ऑक्टोबर

हिला विचारलं, दोरी कुठे ठेवली आहेस. "का?" म्हणाली. काही नाही, म्हटलं.

१५ नोव्हेंबर

ताई आली. टिटवीचे पाय चोळत बसली होती. पुन्हा तेच, "कुठून आलं रे हे? आपल्या घराण्यात..."

"आपल्या घराण्यात आहे, ताई," मी म्हटलं. "निम्मं माझ्याकडून आलंय. तुझ्यातही असू शकतं."

आत चहा गाळायचा आवाज थांबला.

ताईचा चेहरा उतरला. "मग माझी पोरं कशी धडधाकट?"

"भावोजींच्यात नसेल. एकाचं चांगलं असलं की चालतं."

ताईने जरा विचार केला. "म्हणजे पस्तीस वर्षांत त्या माणसाकडे एक तरी गोष्ट धड निघाली म्हणायची."

आधी ही हसली, आतून. मग ताई. मग मीही. हसता हसता ताई टिटवीच्या पायावर डोकं टेकून रडायला लागली आणि हिने येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. जानेवारीत जे बोलायला हवं होतं ते बोलायला मी नोव्हेंबर उजाडवला.

२७ नोव्हेंबर

गिळलेलं वर येऊ नये म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. कारखान्यात त्या जाडीचं दुसरं काही मिळेना. सरकपट्टी घेतली, आडवी कापली, तुकडे एकावर एक ठेवून दोन्ही पायांखाली दिले. आठवडे आणि वर्षं कशीही आली आहेत. पलंग डुलत नाही. ठसका कमी झाला.

१० डिसेंबर

रोज संध्याकाळी फेरी. टिटवीला डाव्या हातावर घेतो, डोकं माझ्या खांद्यावर. तिचा उजवा हात कठड्यावर, त्यावर माझा, नाहीतर तो घसरतो. अशा उंचीवर कठडा धरायचा म्हणजे मला वाकून, गुडघे दुमडून चालावं लागतं. माप माझ्यासाठी घेतलेलं नव्हतं. तिच्या खोलीतून निघायचं. वाटाणे आले की स्वयंपाकघरातून ही म्हणते, "कोण आलं?" मी म्हणतो, "बस." मग लाट. मग शहाणा खिळा. शेवटी खिडकी.

खिडकीपाशी चोच हाताला लागली की तिची बोटं आवळतात. ती आवळते की आपोआप आवळतात, हे वेगळं काढता येईल. इतर खुणांपाशी किती वेळा, चोचीपाशी किती वेळा, महिनाभर नोंद ठेवायची, झालं. ठेवलेली नाही.

२० जानेवारी

कारखान्यातून लवकर आलो. टिटवी झोपलेली. ही कठडा धरून घरात चालत होती, डोळे मिटून. स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत. मी आलेलं कळलं नाही. खिडकीपाशी थांबली, खालून चोच चाचपली, तशीच उभी राहिली. मी उलट्या पावली बाहेर गेलो आणि दार वाजवून पुन्हा आलो.

जिथे हात जास्त लागतो तिथे लाकूड काळं पडायला लागलंय. शेवटचा हात द्यायचा राहूनच गेला. आता देणार नाही.

८ फेब्रुवारी

टिटवीच्या घशातला कफ ओढायचं यंत्र आणलं. ते घेऊन दवाखान्यांना सामान पुरवणारा व्यापारी स्वतः आला होता. यंत्र कसं चालवायचं ते दाखवून झालं आणि निघताना त्याचा हात सहज कठड्यावर गेला. थांबला. सबंध घर फिरला, कोपरे बघितले, वाकून खालच्या खुणा बघितल्या. "कोणी केलं हे?"

"मी."

"कुठे शिकलात?"

"कुठेच नाही."

बसून बोलू म्हणाला. आंधळ्या मुलांच्या शाळा, दवाखाने, सगळीकडे जाईल म्हणतो. लाकूड नको, ॲल्युमिनियम. खालच्या खुणा नकोत, खर्च वाढतो. मूठ एकाच ठरावीक मापाची. नमुना म्हणून खिडकीकडचा लांब पट्टा काढून न्यावा लागेल, दोन-तीन महिने, भिंत तो बुजवून देईल.

मी हिच्याकडे बघितलं. टिटवीचं तोंड पुसत होती. म्हणाली, "तुम्ही ठरवा."

मी म्हटलं, आराखडा काढून देतो, तसाच घेऊन जा, पण पट्टा निघणार नाही. तो म्हणाला, नमुन्याशिवाय साचा होत नाही, आणि तसं बघितलं तर, त्याने पलंगाकडे बघून आवाज खाली केला, तसं बघितलं तर आता त्याचा इथे...

"वापरात आहे," मी म्हटलं.

तो गेल्यावर संध्याकाळची फेरी केली. वाटाणे, लाट, खिळा, चोच.

नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो. मागितलं होतं: कठड्याचा खिडकीकडचा पट्टा, त्याचा आराखडा, आणि पुढे असा कठडा दुसऱ्या कोणासाठी करणार नाही अशी सही. नाही म्हटलं. रक्कम होती सहा लाख चाळीस हजार.